चादरीचं दुसरं टोक

डबल बेडच्या चादरीची घडी एकट्या बाईला घालता येत नाही. घालायला गेलं तर घडी होत नाही, गाठोडं होतं. त्याला दोघी लागतात, चार हात लागतात आणि दोघींचं जमावं लागतं. लाँड्रीच्या मागच्या लांबट खोलीत हे काम वहिनी आणि रेडिओ या दोघी कित्येक वर्षं करत होत्या, आणि त्यांचं जमायचं.

वहिनीला वहिनी म्हणायचे, कारण तिचा धाकटा दीर कधीकाळी तिथे भट्टीवर कामाला होता. त्यानंच तिला कामाला चिकटवलं आणि पुढच्याच महिन्यात स्वतः काम सोडून गेला. दीर गेला, वहिनी राहिली. आता मालकही तिला वहिनीच म्हणायचे आणि मालकांचे म्हातारे वडीलसुद्धा. रेडिओला रेडिओ का म्हणायचे, हे त्या खोलीच्या दारात जरा वेळ उभं राहिलं की कुणालाही कळायचं.

काम असं चाले. गरम रोलरमधून चादर बाहेर यायची, ताज्या पावासारखी ऊन. दोघी समोरासमोर उभ्या राहून दोन दोन टोकं धरायच्या. एक झटका. लांबीत दुमड. पुन्हा झटका. मग दोघी एकमेकींकडे चालत यायच्या, मध्ये भेटायच्या, रेडिओ आपल्या हातातली टोकं वहिनीच्या हातात द्यायची, वाकून खाली लोंबणारी घडी उचलायची आणि मागे मागे जायची. पुन्हा चालत यायची. चादर संपेपर्यंत दोघी अशा लांब-जवळ, लांब-जवळ होत राहायच्या.

आणि बोलणंही तसंच चालायचं. लांब असताना बातमी, जवळ आल्यावर शेरा. बातमी ओरडून, कारण रोलरचा आवाज. शेरा हळू, कारण तोपर्यंत नाकाला नाक लागलेलं असायचं.

"ऐकलंस का?" रेडिओ पलीकडून हाक घालायची. "त्या पाणीखात्याच्या मंत्र्यानं काल परत पक्ष बदलला!"

झटका.

"मग?" वहिनी म्हणायची.

"मग काय! सकाळी ह्यांच्यात होता, जेवायला त्यांच्यात, आणि झोपायला परत ह्यांच्यात!"

मग चालत यायची, टोकं हातात द्यायची आणि पुटपुटायची, "अगं, उशीचा अभ्रा तरी दिवसातून इतक्यांदा उलटा होतो का?"

राजकारण संपलं की मालिका. "थोरल्या सुनेची स्मरणशक्ती परत गेली गं! माणसाची किल्लीसुद्धा इतक्या वेळा हरवत नाही!" आणि जवळ येऊन, "माझी एकदा जरी जाती ना, तर मी संध्याकाळी घरी गेलेच नसते. पत्ताच आठवला नसता."

मालिका संपली की फोनवरच्या गमती. कुणाच्या तरी भिंतीला ओल आली होती आणि त्या ओलीचा आकार हुबेहूब अर्थमंत्र्यासारखा होता म्हणे. लोक लांबून बघायला यायचे, शेजारी उभं राहून फोटो काढायचे. घरमालक रंग लावू देईना. "आणि वहिनी, दिवसेंदिवस गाल फुगतायत त्या ओलीचे!" जवळ आल्यावर, "खऱ्याचेही निवडणुकीनंतर फुगलेच की."

या सगळ्यात वहिनीचं काम एकच, "मग?" म्हणायचं. तिला राजकारणातलं ओ की ठो कळत नसे. मालिका बघायला घरी गेल्यावर डोळे उघडे राहायला हवेत ना. पण तिच्या 'मग?'मध्ये काहीतरी असायचं. ते ऐकलं की पुढचं सांगावंसंच वाटे. विहिरीवरच्या रहाटासारखं, पाणी विहिरीचं, पण रहाटाशिवाय वर कुठलं येणार?

रेडिओच्या घरी बोलायला माणूस होता, ऐकायला नव्हता. नवरा बसचा कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. उभा जन्म लोकांचं ऐकून घेतल्यामुळे आता त्यानं कान बंद केले होते. टीव्ही मोठ्यानं लावून त्याच्यासमोर झोपायचा. त्यामुळे रात्रभर साठलेलं सगळं सकाळी चादरींवर यायचं.

वहिनीच्या घरी तर तेही नव्हतं. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, आणि एकुलती एक लेक शिकायला आणि मग नोकरीला दूरदेशी गेली होती. दोन विमानं बदलावी लागतात इतकी दूर. सुट्टीच्या दिवशी फोन यायचा.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो. थंडी आहे तिकडे?"

"आहे."

"बरं."

"बरं. ठेवू?"

माया नव्हती असं नाही. माया दोन्हीकडे पोत्यानं भरलेली होती, पण पोत्याचं तोंड दोघींनाही सोडता येत नव्हतं. वहिनी बोलण्यात कंजूष आणि लेक आईवर गेलेली. दोन कंजूष बाजारात भेटले तर देवघेव कसली होणार? अलीकडे तर फोन चुकायलाही लागला होता. "कामात होते गं आई," असं दुसऱ्या दिवशी लिहून यायचं. वहिनी त्यावर अंगठा पाठवायची.

अशात एक दिवस तो घोटाळा झाला.

वहिनीनं कामावर असताना लेकीला दोन शब्द बोलून पाठवायचे म्हणून फोन काढला, तेवढ्यात रोलरमधून चादर आली म्हणून तो तसाच एप्रनच्या खिशात टाकला. बटण दबलेलंच राहिलं. चहाच्या सुट्टीत बघते तर आख्खी सकाळ लेकीकडे पोहोचलेली: मंत्री, सून, ओल, रोलरची घरघर आणि मध्ये मध्ये स्वतःचं 'मग?'. घाईघाईनं ते पुसून टाकायला गेली, तर लेकीचं ऐकूनही झालं होतं. आणि उत्तर आलं होतं.

"आई, पुढे काय झालं? सुनेला आठवलं का?"

खाली आणखी एक: "स्वयंपाक करताना लावलं होतं. घरात कुणीतरी आहे असं वाटलं."

वहिनी तो निरोप चहा गार होईपर्यंत वाचत बसली.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी फोन चालू करून एप्रनच्या खिशात टाकू लागली. आणि तिकडे चमत्कार झाला म्हणा ना. लेक स्वतःहून फोन करायला लागली. "आई, रेडिओमावशी त्या मंत्र्याला काय म्हणाली गं, उशीचा अभ्रा? मी कामावर सगळ्यांना सांगितलं." मग अभ्र्यावरून तिच्या घरातल्या पलंगावर, पलंगावरून तिच्या पाठदुखीवर, पाठदुखीवरून तिच्या वरच्या साहेबावर गाडी यायची. वहिनीला काही करावंच लागत नसे. ती फोनवरही 'मग?' एवढंच म्हणायची, आणि लेक बोलत सुटायची. इतकं सोपं होतं तर आधी का सुचलं नाही, असं तिला वाटायचं.

रेडिओला मात्र तिनं हे सांगितलं नाही. वाईट हेतू नव्हता. मागे एकदा मालकांनी जाहिरातीच्या कागदासाठी फोटो काढायला माणूस आणला होता, तेव्हा कॅमेरा बघताच रेडिओ खांबासारखी ताठ झाली होती; फोटोत तिला नुकतीच शिक्षा सुनावल्यासारखी दिसत होती. हिला कळलं की कुणी ऐकतंय, तर हिची वाचाच बसेल, आणि मग लेकीचं घर पुन्हा गप्प होईल. म्हणून उद्या सांगू, परवा सांगू, असं चाललं होतं. एक नेम मात्र तिनं पाळला. रेडिओ घरचं बोलायला लागली, नवऱ्याचं, स्वतःच्या रक्तदाबाचं, जावेशी बिनसल्याचं, की वहिनी हळूच खिशात हात घालून फोन बंद करायची. मंत्री जगाचे असतात, नवरा आपला असतो, एवढं तिला कळत होतं.

मग ते बदक आलं.

कुठल्याशा सभागृहात ऐन मतदानाच्या वेळी उघड्या दारातून एक बदक आत शिरलं. सगळ्या सभासदांमधून डुलत डुलत गेलं आणि विरोधकांच्या बाकावर चढून बसलं. उठेना. दोन्ही बाजूंचे लोक ते आपलंच असल्याचं सांगू लागले. हे सगळं कॅमेऱ्यात आलं आणि दिवसभर ज्याच्या त्याच्या फोनवर बदकच.

रेडिओनं ती हकीकत चार चादरींत मिळून सांगितली. आणि शेवटी मध्ये भेटल्यावर टोकं देत म्हणाली, "काही म्हण वहिनी, एकदा बाक निवडला आणि त्याच्यावरच बसून राहिला, असा त्या सभागृहात तो एकटाच."

वहिनीला हसू आलं. लेकीला तर इतकं आलं की तिनं ते नुकत्याच आपल्याबरोबर राहायला आलेल्या मैत्रिणीला ऐकवलं. आणि त्या मैत्रिणीनं, या हल्लीच्या मुली, तेवढा तुकडा कापून त्या बदकाच्या चित्रफितीला जोडला आणि दिला सोडून.

दोन-तीन दिवसांत गाडीवाला, म्हणजे हॉटेलांतून मळके गठ्ठे आणणारा लाँड्रीचा ड्रायव्हर, हसत हसत आत आला. "बायांनो, हे ऐका! काय बाई आहे!"

त्यानं फोन पुढे धरला. बदक डुलत चाललं होतं आणि वरून आवाज येत होता, "काही म्हण वहिनी…"

नाही, 'वहिनी' नव्हतं त्यात. ते तेवढं कापलं होतं. पण वहिनीला ते ऐकू आलं. आता, आता ही ओळखणार.

रेडिओनं मान तिरकी करून ऐकलं. परत लावायला लावलं.

"कोण गं ही?" ती म्हणाली. "किती तोंडाळ! आणि आवाज बघ, पत्र्यावर चमचा घासल्यासारखा."



"पण बोलली बरोबर हो," रेडिओ पुढे म्हणाली. "परवा मी हेच म्हणाले होते ना?"

"म्हणाली होतीस."

"बघ! शहाण्या माणसांचं एकमत असतं ते असं."

माणसाला आपला आवाज बाहेरून कधी ऐकू येत नाही, तेव्हा तिनं ओळखला नाही हे समजण्यासारखं होतं. पण गाडीवाल्यानं ओळखला नाही, भट्टीवाल्यानं नाही, मालकांनीही नाही. इतकी वर्षं ती बाई त्या लाँड्रीत कानीकपाळी ओरडत होती, आणि तिला खरं ऐकणारी तिथे एकच होती. आणि ती एक आता दातखीळ बसल्यासारखी गप्प होती.

त्यानंतर रेडिओला नवा नादच लागला. लेकीच्या मैत्रिणीनं आणखी तुकडे सोडले होते. लोक त्या आवाजाला 'बदकवाली बाई' म्हणायला लागले होते, आणि रेडिओ तिचं रोज ऐकून यायची.

"आज बदकवाली जरा घसरली गं," ती पलीकडून ओरडायची. "एकाच पक्षाला किती झोडायचं! कुणीतरी सांगायला हवं तिला!"

"मग?"

"मग काय, वाहवा झाली की माणूस बिघडतं!" आणि जवळ येऊन, जरा आंबट तोंडानं, "आणि सगळं माझंच बोलते. मी आधी, ती मागून. बोलणं हवेत पसरतं की काय?"

वहिनीनं त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच ती फोनवर सलग पाच-सहा वाक्यं बोलली. सगळं काढून टाक म्हणाली. लेक रडवेली झाली. "मी टाकलं नाही गं आई. तिला सांगते. आजच सांगते." मैत्रीण गावाला गेली होती, आल्यावर काढते म्हणाली. पण जाताना तिनं वेळ लावून ठेवलेले तुकडे आपोआप सुटतच राहिले.

आणि वहिनी रोज ठरवून यायची की आज सांगायचंच. मध्ये भेटल्यावर, टोकं हातात घेताना, तोंड उघडायची. तेवढ्यात रेडिओ खाली वाकून घडी उचलायची आणि मागे मागे निघून जायची. असली गोष्ट लांबून ओरडून कशी सांगणार?

मग एके दिवशी चहाच्या सुट्टीत रेडिओनं फोन टेबलावर ठेवला. "आज लांबलचक आलंय बदकवालीचं. ऐक." बशीत चहा ओतून ती कान देऊन बसली. ओलीचं होतं, अर्थमंत्र्याच्या गालांचं. रेडिओ आपल्याच विनोदाला मान डोलवत हसत होती. या वेळी मैत्रिणीनं काही कापलं नव्हतं. रोलरची घरघर होती, झटका होता. आवाज थांबला, आणि त्या थांबलेल्या जागी कुणीतरी शांतपणे म्हणालं,

"मग?"

रेडिओचं हसू होतं तिथेच राहिलं. तिनं बशी खाली ठेवली. मागे नेऊन परत लावलं.

"मग?"

आणखी एकदा.

"ही तू आहेस," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. "म्हणजे ही… मी?"

स्वतःचा आवाज तिला वहिनीच्या आवाजावरून ओळखता आला.

वहिनीनं सगळं सांगितलं. खिसा, लेक, लेकीची मैत्रीण, बदक. तिला जेवढ्या थोड्या शब्दांत सांगता येत होतं तेवढ्या शब्दांत. रेडिओ ऐकत होती, आणि तिला ऐकताना कुणी कधी पाहिलं नसल्यामुळे ते बघायलाच भयंकर वाटत होतं.

"माझ्या नवऱ्याचं पाठवलंस?"

"नाही. घरचं आलं की बंद करायचे. शपथ."

"म्हणून तू मध्येच खिशात हात घालायचीस." रेडिओ म्हणाली. "मला वाटायचं तुझं पोट दुखतंय. मी तुला गोळ्या आणून दिल्या होत्या."

"घेतल्याही मी त्या," वहिनी म्हणाली.

दुसरी वेळ असती तर दोघी हसल्या असत्या.

"लोकांनी ऐकलं त्याचं काही नाही," रेडिओ म्हणाली. तिचा आवाज इतका खाली कधी आला नव्हता. "लोक काय, गाढवाचंही ऐकतात. पण मी तुझ्याशी बोलत होते गं. तुझ्याशी. मला वाटलं खोलीत आपण दोघीच आहोत."

ती उठली, बशी विसळली आणि कामाला लागली.

आणि बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आख्ख्या आठवड्यात नाही. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. "घे", "सोड", "धर" एवढं कामापुरतं. चादर यायची, झटका बसायचा, दोघी चालत यायच्या, टोकं द्यायच्या, जायच्या. वहिनीला तोपर्यंत कधी कळलं नव्हतं, की रोलरला किती कर्कश आवाज आहे.

घड्या वाकड्या यायला लागल्या. बातमीवर झटका आणि शेऱ्यावर भेट, असा तो हिशेब इतकी वर्षं आपोआप जुळत होता. आता एक आधी पोहोचायची, दुसरी मागे राहायची. कडेला कड लागेना. एका हॉटेलानं गठ्ठा परत पाठवला. मालक दारात येऊन उभे राहिले, दोघींकडे बघितलं.

"इतकी वर्षं बडबडता म्हणून ओरडलो," ते म्हणाले. "आता गप्प आहात म्हणून ओरडू का? काय करू तेवढं सांगा." आणि डोकं हलवत निघून गेले.

लेकीनं सगळं काढायला लावलं होतं. लोक चार दिवस 'बदकवाली कुठे गेली' म्हणाले आणि मग कुणाचं तरी मांजर प्रिंटरवर झोपलं होतं तिकडे वळले. लेक म्हणाली, मावशींना फोन दे, मी माफी मागते. रेडिओनं हात पुसत वहिनीला सांगितलं, "तिला सांग, मावशीचा घसा बसलाय."

"आई, आता काही पाठवू नकोस," लेक म्हणाली. "आपण बोलू."

"हो."

"जेवलीस?"

"हो. तू?"

वहिनीनं फोन ठेवला. परत पहिल्या पायरीवर. पण तिला त्या क्षणी लेकीपेक्षाही दुसरं काही डाचत होतं. लेक दूर होती, पण होती. रेडिओ तर रोज हातभर अंतरावर यायची आणि परत जायची. माफी मागून झाली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माफीनं काम होत नव्हतं, कारण रेडिओचं जे गेलं होतं ते माफीनं भरून येण्यातलं नव्हतं. तिचा ऐकणारा माणूस गेला होता. आणि ते परत द्यायचं तर कसं द्यायचं, याचा विचार करत वहिनी त्या संध्याकाळी बसली आणि उठून तिनं टीव्ही लावला.

बातम्या लावल्या. त्यातलं अर्धं कळलं नाही. मग मालिका लावली. त्यातलं सगळं कळलं, पण कोण कुणाचं कोण ते नाही. मध्ये जाहिराती, मध्ये परत बातम्या. फोनवर मांजर बघितलं. डोळ्यांत तेल घालून बसली, तरी मध्ये डुलकी लागलीच, आणि डुलकीत मंत्री सुनेच्या घरात शिरले.

दुसऱ्या दिवशी पहिली चादर आली. वहिनीनं टोकं धरली, घसा साफ केला आणि पलीकडे बघून म्हणाली, "ऐकलंस का?"

आवाज इतका बारीक निघाला की रोलरनंच खाऊन टाकला. तिनं श्वास घेतला आणि ओरडली, "ऐकलंस का! त्या पाणीखात्याच्या मंत्र्याची स्मरणशक्ती गेली!"

रेडिओनं झटका दिला. नेहमीपेक्षा जोरात.

"त्याला विचारलं, धरणाचं काय झालं! तर म्हणाला, मला आठवत नाही!" वहिनीचे कान लाल झाले होते. एवढं मोठ्यानं ती जन्मात बोलली नव्हती. "आणि थोरली सून… थोरली सून त्यांच्या पक्षात गेली!"

रेडिओचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण हनुवटी हलली.

"म्हणजे सासूच्या बाजूनं होती ना, ती आता धाकट्या जावेच्या बाजूला बसते! आणि बहुमत… नाही, ते बहुमत दुसरीकडचं. थांब."

दोघी चालत मध्ये आल्या. आता शेरा यायला हवा होता. वहिनीनं तोंड उघडलं. काही आलं नाही. ती टोकं घेऊन तशीच उभी राहिली. दोघींच्या मध्ये ऊन चादर लोंबत होती.

"शेरा कुठाय?" रेडिओनं विचारलं. आठवड्यानंतर तिनं स्वतःहून काढलेला हा पहिला बिनकामाचा शब्द.

"मला शेरा येत नाही," वहिनी म्हणाली. "मला फक्त बातमी…"

"बातमीही येत नाही तुला. सुनेला मंत्री करून ठेवलंस."

"टीव्ही बघता बघता झोप लागली गं."

"दिसतंय."

रेडिओ खाली वाकली, घडी उचलली आणि मागे मागे गेली. आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. चादर ताणली. वहिनीला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, थोडा रुसलेला, थोडा वहिनीचीच नक्कल करणारा.

"मग?"

वहिनीच्या डोळ्यांसमोरची चादर धूसर झाली. पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं तसंच सांगायला सुरुवात केली, मांजराचं, प्रिंटरचं, आणि ऑफिसातले लोक मांजर उठेपर्यंत कागद कसे हातानं लिहायला लागले त्याचं. कितीतरी चुकलं. रेडिओनं एकदाही दुरुस्त केलं नाही. फक्त 'मग?' म्हणत राहिली, आणि ते किती अवघड काम आहे हे तिच्या तोंडावर दिसत होतं. त्या चादरीच्या कडा मात्र एकीवर एक बसल्या.

चहाच्या सुट्टीत रेडिओनं बशीकडे बघत विचारलं, "लेक काय म्हणते?"

"काही नाही. जेवलीस का म्हणते."

"मग?"

"हो म्हणते मी."

रेडिओनं चहा संपवला. बशी विसळली. एप्रनची गाठ परत बांधली. मग म्हणाली, "खिशात नाही चालायचं. तिथे फळीवर ठेव, मला दिसेल असा. कोण ऐकतंय ते माणसाला माहीत असावं. आणि तिला सांग, घराबाहेर गेलं तर मावशी दोन विमानं बदलून येईल आणि कान उपटेल."

वहिनीनं फोन फळीवर उभा केला. बटण दाबलं. चादर आली.

रेडिओनं टोकं धरली, फोनकडे बघितलं, आणि फोटोतल्यासारखी खांब झाली. मान ताठ, डोळे मोठे. खाकरली. आणि बातम्या वाचणाऱ्या बाईच्या जड आवाजात म्हणाली, "आज… आजच्या ठळक घडामोडी…"

चादरीचं एक टोक तिच्या हातातून सुटलं.

वहिनी हसायला लागली. सुरुवातीला तोंड दाबून, मग ते दाबता येईना म्हणून मोठ्यानं, चादरीत तोंड खुपसून. "हस, हस, निर्लज्जे!" असं रेडिओ ओरडली आणि तिलाही राहवेना.

लेकीकडे त्या दिवशी जे गेलं त्यात बातमी अशी काहीच नव्हती. मंत्री नव्हता, सून नव्हती. रोलर होता, दोन बायकांचं हसणं होतं, आणि ते जरा ओसरल्यावर, धापा टाकत, दोघींपैकी कुणाचं ते ओळखू येऊ नये असं एक "मग?".